केनियात विजेच्या मागावर: नैरोबी ते म्फांगानो

केनियाला जाणारे बहुतेक प्रवासी विमानतळावरूनच मसाई माराच्या वाटेला लागतात, आणि त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. आमची वाट मात्र नैरोबीहून पश्चिमेला, खचदरी (रिफ्ट व्हॅली) उतरून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जाणारी होती, आणि त्या वाटेवर मला पाहायची होती ती वीज. माझी सारी नोकरी वीज वितरणाच्या कामात गेली आहे. धाकटा भाऊ काही वर्षांपासून नैरोबीत असतो. त्याला फोनवर बेत सांगितला तेव्हा "ताई, तुला सिंह बघायचे आहेत की रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर)?" असे त्याने विचारले, आणि मी दुसरा पर्याय निवडल्यावर पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही.

हट्टाला कारण होते. केनिया पॉवर या तिथल्या राष्ट्रीय वितरण कंपनीचे ग्राहक २०१३ च्या मध्याला सुमारे २३ लाख होते. २०१८ च्या मध्याला ते ६७ लाखांवर गेले. पाच वर्षांत ग्राहकसंख्या जवळजवळ तिप्पट करणे म्हणजे काय, हे ज्याने एखाद्या उपविभागात प्रलंबित अर्जांचा ढीग उपसला आहे त्यालाच नीट कळेल. कागदावरचा हा वेग जमिनीवर कसा दिसतो, आणि तार पोहोचल्यावर वीज घरात किती वेगाने शिरते, ते पाहायचे होते.

सोमवार: नैरोबी

नोव्हेंबरचा पहिला आठवडा म्हणजे तिथल्या छोट्या पावसाळ्याचे दिवस. सकाळी लख्ख ऊन, दुपारनंतर ढग आणि संध्याकाळी एक दमदार सर, असा क्रम जवळजवळ रोज राहिला. समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवरच्या या शहरात रात्री स्वेटर लागतो, हे सांगूनही कोणी मनावर घेत नाही. मीही घेतले नव्हते.

भावाच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक छोटा कळफलक बसवलेला आहे. वीज संपत आली की भाऊ मोबाइलवरून एम-पेसाने पैसे भरतो, उत्तरादाखल २० अंकांचा टोकन क्रमांक येतो, तो कळफलकावर दाबला की तेवढे युनिट खात्यात जमा होतात. एम-पेसा २००७ मध्ये सुरू झाले, आणि पुढच्या दहा वर्षांतील जोडण्यांच्या लाटेला त्याचा मोठा आधार मिळाला, असे माझे मत आहे. लाखो नवे, विखुरलेले आणि अत्यल्प वापर असणारे ग्राहक ज्या कंपनीला सांभाळायचे आहेत, तिला प्रत्येकाच्या दारी मीटरचे वाचन घ्यायला आणि बिल द्यायला माणूस पाठवणे परवडलेच नसते.

संध्याकाळी मंदाझी (तळलेली गोडसर पुरी) आणि दाट दुधाचा चहा घेताना इमारतीतील एक वृद्ध शेजारी येऊन बसले. त्यांचे आजोबा मोंबासाच्या बंदरात दुकान चालवत असत. त्यांनी जी हकिकत सांगितली ती पुढे मी पडताळून पाहिली. झांझिबारच्या सुलतानाने राजवाड्यासाठी आणि जवळच्या रस्त्यांसाठी १८७५ मध्ये एक जनित्र आणवले होते. १९०८ मध्ये ते हराली इस्माइलजी जीवनजी या मोंबासाच्या व्यापाऱ्याने घेतले आणि त्यातून त्या शहराची वीज कंपनी उभी राहिली. त्याच वर्षी क्लेमंट हर्टझेल या अभियंत्याला नैरोबीला वीज पुरवण्याचा हक्क मिळाला, आणि १९२२ मध्ये दोन्ही शहरांच्या कंपन्या एकत्र आल्या. २००९ ची जनगणना झाली तेव्हा या साऱ्याला एक शतक उलटून गेले होते, तरी दिव्यासाठी वीज वापरणारी कुटुंबे २३ टक्क्यांच्या आसपासच होती. पुढच्या, म्हणजे २०१९ च्या जनगणनेत ५०.४ टक्के कुटुंबांचा मुख्य दिवा ग्रिडच्या, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याच्या, विजेवर लागत होता आणि आणखी १९.३ टक्क्यांचा सौरऊर्जेवर. पहिल्या शंभर वर्षांत जेवढे झाले त्याहून अधिक नंतरच्या दहा वर्षांत झाले.

जाणाऱ्यांसाठी थोडे: जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास परवाना सुरू केला आहे, तो निघण्यापूर्वी काढावा. भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, त्यामुळे सामान कापडी पिशव्यांत बांधावे. विजेचा दाब २४० व्होल्ट आहे, पण प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. तो आधीच घेऊन ठेवलेला बरा.

मंगळवार: नैवाशा आणि ओल्कारिया

नैरोबीहून पहाटे निघालो. खचदरीच्या कड्यावर थांबलो तेव्हा खाली धुके होते आणि भाजलेली कणसे विकणाऱ्या बाईंच्या शेगडीचा धूर त्यात मिसळत होता. धुके विरले तसा लोंगोनोट ज्वालामुखीचा डोंगर उघडा पडला. उत्तरेकडून येणारे उच्चदाब वाहिन्यांचे मनोरे खाली ज्या सुस्वा उपकेंद्राकडे जातात, त्याच्याविषयी मी भावाला आणि चालकाला इतके सांगत बसले की कणसे गार झाली.

पण सुस्वाची गोष्ट सांगण्यासारखीच आहे. उत्तर केनियात, तुर्काना सरोवराजवळच्या वाऱ्याच्या पट्ट्यात ३६५ पवनचक्क्यांचा ३१० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. चक्क्या २०१७ मध्ये तयार होत्या, परंतु तिथून सुस्वापर्यंतची ४२८ किलोमीटरची वाहिनी तयार नव्हती, कारण तिचा परदेशी ठेकेदार दिवाळखोरीत गेला. वाहिनी सप्टेंबर २०१८ मध्ये जोडली गेली, आणि मधल्या काळातील विलंबाचा भुर्दंड केनियाच्या माथी आला. विस्ताराच्या वेगाबद्दल बोलताना आपण सहसा निर्मितीचे मेगावॉट मोजतो. काम अडते ते बहुधा तारांपाशी. याच सुस्वाला नोव्हेंबर २०२२ पासून इथिओपियाची वीजही येते, हजार किलोमीटरहून लांब अशा एकदिश प्रवाहाच्या वाहिनीवरून.

हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानात सायकलने फिरता येते. असे उद्यान केनियात विरळा. झेब्रे आणि हरणे रस्त्याच्या कडेला चरत होती, एक रानडुक्कर सहकुटुंब पुढून पळत गेले, आणि मग लाल कड्यांच्या मागून वाफेचे पांढरे लोट दिसू लागले. ओल्कारियाचे भूऔष्णिक केंद्र याच परिसरात आहे. इथला पहिला १५ मेगावॉटचा संच १९८१ मध्ये सुरू झाला; २०१४ आणि २०१५ मध्ये मिळून २८० मेगावॉटची भर पडली, आणि अलीकडच्या वर्षांत केनियाच्या एकूण विजेपैकी ४० ते ४५ टक्क्यांच्या आसपास वीज जमिनीखालच्या वाफेची असते. वाफेचे चकचकीत नळ मैलोन्‌मैल धावतात आणि मध्येच काटकोनात उंच उचललेले असतात. तापल्यावर प्रसरण पावायला नळाला जागा लागते, हे कारण मला ठाऊक होते. त्या कमानींखालून जिराफ जातात, हे तिथे कळले.

आमचा वाटाड्या मसाई तरुण होता. नव्या संचांसाठी २०१४ मध्ये जी कुटुंबे हलवली गेली त्यांत त्याचेही घर होते. नव्या वसाहतीत पक्की घरे आणि शाळा मिळाल्या, पण कुरणे लांब गेली, उतार घसरडे निघाले. लोकांनी कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय बँकांकडे तक्रारी केल्या आणि अखेर मध्यस्थी करावी लागली. हे तो कुठलाही आवेश न आणता सांगत होता. "वाफ आमच्या कुरणातून निघते, ती नैरोबीला जाऊन उजेड होऊन परत येते. यायला तिला बरीच वर्षे लागली," असे तो म्हणाला आणि एका रानम्हशीकडे बोट दाखवून त्याने आम्हाला सायकली हळू चालवायला सांगितल्या.

उद्यानातील घळ देखणी आहे, परंतु पावसाळ्यात वरच्या अंगाला सर कोसळली तर ती काही मिनिटांत भरते आणि यापूर्वी तिथे पर्यटकांचे जीव गेले आहेत. आकाशात ढग असतील तर वाटाड्याचे ऐकावे, आणि सायकल सकाळी आठच्या आतच घ्यावी. तिथेच भूऔष्णिक पाण्याचे निळसर गरम तळे आहे. सायकलीने आखडलेल्या गुडघ्यांना त्याने फार बरे वाटले.

बुधवार: केरिचोमार्गे किसुमू

हा दिवस गाडीतच गेला. नाकुरूनंतर चढ लागतो आणि केरिचोला चहाचे मळे रस्त्याला येऊन भिडतात. तिथल्या मोठ्या मळ्यांची स्वतःची छोटी जलविद्युत केंद्रे आहेत, कारण पानांचा कारखाना वीज कधी येते याची वाट पाहत बसू शकत नाही. दुपारी गारांसह पाऊस झाला. केरिचोच्या गारा प्रसिद्ध आहेत आणि ती प्रसिद्धी खोटी नाही.

किसुमूला पोहोचलो तेव्हा शहराच्या आमच्या भागात वीज नव्हती. ती दोन तासांनी आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. डुंग्याच्या किनाऱ्यावर बसून आम्ही तळलेला अख्खा तिलापिया मासा, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकीची पालेभाजी हातानेच खाल्ली. दूर सरोवरावर वीज चमकत होती, आणि दिवे गेले की गिऱ्हाईके निमूटपणे मोबाइलचे दिवे लावून काटे वेचत होती. एकानेही मान वर करून तक्रार केली नाही.

गुरुवार: मासेनो ओलांडून सियायात

किसुमूहून पश्चिमेला जाताना मासेनो गावात विषुववृत्त ओलांडावे लागते. फलकापाशी छायाचित्र काढण्याचा विधी उरकून आम्ही सियाया जिल्ह्यातील एका वस्तीत पोहोचलो. भावाच्या सहकाऱ्याची मावशी तिथे राहते. निवृत्त शिक्षिका आहे. गावाचे नाव देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते तिच्या घरातले आहे.

गाव म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर येते तशी घरांची दाटी तिथे नव्हतीच. लुओ लोकांची वस्ती विखुरलेली असते: प्रत्येक कुटुंबाचे कुंपणाने वेढलेले आवार, त्यात आईवडिलांचे आणि थोरल्या-धाकट्या मुलांचे घर, भोवती मका आणि रताळी, आणि मग बऱ्याच अंतरावर पुढचे आवार. वितरणाच्या माणसाला ही रचना पाहताक्षणी घाम फुटतो. गावठाणात एका रोहित्रावर शंभर घरे सहज बसतात. इथे तेवढ्या घरांसाठी किती तरी किलोमीटर लघुदाब वाहिनी टाकावी लागेल, आणि जितकी वाहिनी लांब तितका टोकाच्या घरात दाब कमी.

'लास्ट माइल' या नावाने २०१५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेचा नियम म्हणूनच अंतरावर बेतलेला होता: रोहित्रापासून ६०० मीटरच्या आतील घरांना जोडणी. त्यापूर्वी जोडणीसाठी ३५,००० शिलिंग भरावे लागत. ते १५,००० वर आणले आणि हप्त्यांची सोय दिली. पैसा जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक आणि इतर कर्जदात्यांकडून आला. ज्या मातीच्या घरांत वायरिंग शक्य नव्हते तिथे दिव्याचा होल्डर, बटण आणि सॉकेट बसवलेली तयार पाटीच भिंतीला ठोकून दिली. मावशींच्या घरी ती पाटी अजून आहे, तिच्यावर येशूचे चित्र असलेले कॅलेंडर लटकते.

मावशी आता पंचाहत्तरीच्या आहेत. आम्ही पोहोचताच त्यांनी हात धुवायला पाणी दिले, जेवायला बसवले, आणि ओसुगाची कडसर पालेभाजी मला आवडली म्हणून दुसऱ्यांदा वाढली. स्वयंपाक मागच्या झोपडीत तीन दगडांच्या चुलीवर झाला होता. मी विचारले तेव्हा त्यांनी विजेचा हिशेब स्वतःहून मांडला. महिन्याला एकदा १०० किंवा २०० शिलिंगचे टोकन. त्यात तीन दिवे, एक दूरचित्रवाणी संच, दोन मोबाइल. इस्त्री आहे, पण ती फक्त रविवारी चर्चला जाण्यापूर्वी. फ्रिज नाही. "मुलगा घेऊन देतो म्हणतो, पण त्यात ठेवायचे काय? भाजी शेतात आहे, मासा सकाळी येतो."

उशाशी त्यांनी एक सौरदिवा जपून ठेवला आहे. २०१२ नंतर केनियात रोज थोडे थोडे पैसे मोबाइलवरून भरून सौरसंच विकत घेण्याची पद्धत फोफावली. हप्ता चुकला की कंपनी दुरूनच संच बंद करते. मावशींचा संच फेडून झाला आहे. ग्रिडची वीज येऊनही त्यांनी तो काढला नाही, आणि त्याचे कारण आम्हाला त्याच रात्री समजले. आठ वाजता पाऊस सुरू झाला, सव्वाआठला अंधार झाला, आणि मावशींनी बोलणे न थांबवता हात लांबवून सौरदिवा लावला. सकाळपर्यंत वीज आली नाही.

शुक्रवार: सहाशे मीटरच्या पलीकडे

सकाळी मावशींचा नातू मला वाहिनीच्या टोकापर्यंत घेऊन गेला. शेवटच्या खांबावर तार गुंडाळून बांधलेली होती, आणि त्याच्या पुढे, हाकेच्या अंतरावर, एक आवार होते जिथे वीज नाही. मोजणी झाली तेव्हा ते घर रेषेबाहेर निघाले. त्या घरच्या बाईंना याचा राग आलेला दिसला नाही. त्यांनी छपरावरची सौरपाटी दाखवली आणि मला उकडलेला मका दिला. शेजाऱ्यांपेक्षा आपला दिवा जास्त भरवशाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आदल्या रात्रीनंतर मला ते खोडून काढता आले नाही.

याच सियाया आणि शेजारच्या बुसिया भागात अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी लास्ट माइलच्या आधी एक मोठा अभ्यास केला होता. वर्षानुवर्षे रोहित्र जवळ असूनही ग्रामीण घरांपैकी वीसांत एकाच्या आसपास घरांनीच जोडणी घेतली होती. मग त्यांनी वेगवेगळ्या कुटुंबांना वेगवेगळी सवलत देऊ केली: १५,००० शिलिंगला एक चतुर्थांशाच्या आसपास कुटुंबे पुढे आली, आणि पूर्ण फुकट दिल्यावर जवळजवळ सगळी. जोडणी मिळाल्यावर दीड-दोन वर्षांनी पाहिले तर वीजवापर अगदी थोडा होता, आणि उत्पन्नात किंवा मुलांच्या गुणांत लक्षणीय फरक पडला नव्हता. मी हे निष्कर्ष पूर्वी वाचले होते आणि मनातून नाकारले होते, कारण ज्याने आयुष्यभर जोडण्या दिल्या त्याला ते ऐकवत नाही. मावशींच्या घरातला हिशेब ऐकल्यावर ते मला पटले, पण अर्धेच. दोन वर्षे हा काळ फार थोडा आहे.

अर्धे का, ते गिरणीवर समजले. वस्तीच्या चौकात मक्याची गिरणी आहे, तिथे 'पोशो मिल' म्हणतात. गिरणीच्या डोक्यावरून तारा गेलेल्या आहेत आणि गिरणी मात्र डिझेल इंजिनावर धडधडते. मालक चाळिशीचा, बोलका. वाहिनी सिंगल फेज, म्हणजे घरगुती वापरापुरती आहे, तिच्यावर गिरणीची मोटार चालत नाही. मोठ्या मोटारींना लागणाऱ्या थ्री फेजसाठी अर्ज केला तर खांब, तारा आणि रोहित्राची क्षमता मिळून जे अंदाजपत्रक आले ते त्याच्या वर्षाच्या कमाईहून अधिक होते. मी त्याच्याबरोबर खांबापाशी जाऊन वर पाहिले. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त घरे मोजायची असतील तर सिंगल फेजच टाकतात. मीही तसेच टाकले असते. परंतु ज्या गिऱ्हाइकाच्या वापरातून वाहिनीचा खर्च निघाला असता तोच बाहेर राहिला. शेजारच्या न्हाव्याचे यंत्र, मोबाइल चार्जिंगची टपरी आणि फुटबॉलचे सामने दाखवणारी खोली मात्र विजेवर जोरात चालू होती. वेल्डिंगवाला वीज असेल त्या वेळी काम करतो, मग ती पहाटे चारची का असेना.

इथे थोडे आकडे द्यावेच लागतील. २०१३ ते २०१८ या काळात ग्राहक तिपटीकडे गेले, पण देशाची कमाल मागणी, म्हणजे एका वेळी लागणारी सर्वाधिक वीज, सुमारे १,३५० मेगावॉटवरून १,८०० च्या आसपास, म्हणजे एक तृतीयांशानेच वाढली. नव्या ग्राहकांचा वापर नगण्य, वाहिन्या लांब, देखभाल महाग; वाटेत वाया जाणाऱ्या आणि चोरीस जाणाऱ्या विजेची गळती १८ टक्क्यांच्या आसपास होती ती २३ टक्क्यांच्या पुढे गेली, आणि २०१९-२० मध्ये कंपनी कित्येक वर्षांनी तोट्यात आली. तोट्यातील कंपनी मोडलेले खांब आणि जळालेली रोहित्रे लवकर बदलत नाही, म्हणून दिवे जातात; दिवे जातात म्हणून माणसे विजेवर अवलंबून व्यवसाय उभा करत नाहीत; आणि वापर वाढत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय आराखड्याने २०२२ पर्यंत प्रत्येक घरी वीज असे ठरवले होते. ते साधले नाही, आता २०३० हे वर्ष समोर आहे. माझ्या मते पहिल्या पाच वर्षांचा वेग योग्यच होता, त्याबद्दल केनियाचे कौतुक व्हावे. ग्राहकसंख्येसोबत प्रत्येक वाहिनीवरील विकलेले युनिट आणि बंद तास त्याच तत्परतेने जाहीर झाले असते, तर मात्र हे चक्र लवकर दिसले असते.

दुपारी जवळच्या कोगेलोला गेलो. बराक ओबामा यांच्या वडिलांचे हे गाव. नोव्हेंबर २००८ मध्ये ते अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले आणि काही दिवसांतच गावात खांब उभे राहून वीज आली. आजूबाजूच्या गावांनी त्यानंतर बरीच वर्षे वाट पाहिली. जोडणी द्यायला मुळात किती दिवस लागतात, याचे याहून स्वच्छ उत्तर मला नोकरीत कधी मिळाले नव्हते.

ग्रामीण भागात राहणार असाल तर बॅटरी बँक आणि डोक्याला बांधायचा दिवा न्यावा, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू कराव्यात. यजमानांना भेट म्हणून साखर, चहापत्ती आणि विजेचे टोकन चालते. टोकन त्यांच्या मीटर क्रमांकावर कोणीही भरू शकते. मी मावशींच्या मीटरवर ५०० शिलिंग भरले, तर "हे मला दोन-तीन महिने पुरेल, एवढे कशाला?" असे त्या रागावल्या.

शनिवार-रविवार: म्बिटा आणि म्फांगानो बेट

लुआंडा कोटिएनोहून म्बिटाला फेरीबोट जाते. बोटीवर मोटारी, बकऱ्या, केळ्यांचे घड आणि शाळेच्या सहलीची मुले असा सगळा संसार होता. म्बिटाहून म्फांगानो बेटाला लाकडी होड्या जातात. दुपारनंतर वारा सुटून लाटा उसळतात, म्हणून सकाळचीच होडी घ्यावी, आणि जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे. आपणहून कोणी देत नाही.

म्फांगानोला ग्रिडची तार नाही. सेना या मुख्य वस्तीजवळ डिझेलची जनित्रे आहेत आणि तेथून बेटाच्या काही भागाला वीज जाते. डिझेल होडीतून आणावे लागते, तरी ग्राहकाला दर साऱ्या देशाचाच लागतो. उरलेला खर्च इतर ग्राहकांवर वाटला जातो. खासगी सौर मिनीग्रिड (एका वस्तीपुरती वीजजाळी) जिथे आहेत तिथे दर बरेच जास्त असतात, कारण त्यांचा तोटा वाटून घ्यायला कोणी नसते. यावर मी आणि भाऊ होडीत बराच वेळ वाद घातला. त्याचे म्हणणे, बेटाला स्वस्त वीज देण्यापेक्षा सौरसंच वाटावेत. माझे मत बदलले नाही, आणि बेटावर त्याला आधार मिळाला.

सेनाच्या धक्क्यावर एका दुकानदाराने दोन मोठे फ्रीझर ठेवले आहेत. वीज असते तेवढ्या वेळात तो बर्फ धरतो आणि पहाटे मासेमारांना विकतो. बर्फ नव्हता तेव्हा नाइल पर्च मासा सकाळीच दलाल मागेल त्या भावाला द्यावा लागे. आता दुसरा दलाल येईपर्यंत थांबता येते. इथली वीज मावशींच्या वस्तीहून काही अधिक भरवशाची नाही, पण तिची वाट पाहणारे काम आधीपासून होते. बेटावरच्या बाईंनी, ज्यांच्याकडे आम्ही उतरलो, ओमेनाचे छोटे वाळवलेले मासे टोमॅटोत परतून दिले आणि तेल किती घातले हे मी विचारल्यावर हसत तेलाची बाटलीच पुढे केली.

रात्री ओमेनाच्या होड्या सरोवरात जातात. माशांना वर बोलावण्यासाठी पूर्वी रॉकेलचे कंदील तरंगत सोडत. आता बॅटरीवरचे एलईडी दिवे असतात आणि त्या बॅटऱ्या दिवसा किनाऱ्यावर भाड्याने भरून मिळतात. जनगणनेच्या कुठल्याही रकान्यात हे दिवे येत नाहीत, कारण ते घरात लागत नाहीत.

काकिइंबाची प्राचीन शैलचित्रे पाहायला रविवारी सकाळी चढून गेलो. लाल-पांढरी वर्तुळे सुरेख आहेत, चढ अर्ध्या तासाचा, वाटाड्या स्थानिकच घ्यावा.

सोमवार: पुन्हा नैरोबी

किसुमूहून विमानाने परतलो. त्या संध्याकाळी भावाच्या इमारतीत वीज गेली आणि अर्ध्या मिनिटात जनित्र सुरू झाले. वृद्ध शेजारी पुन्हा आले होते. २०१६ च्या जूनमध्ये गिटारूच्या जलविद्युत केंद्रात एक माकड रोहित्रावर पडले आणि साऱ्या देशात काळोख झाला, ते माकड मात्र जिवंत राहिले, ही हकिकत त्यांनी सांगितली. ऑगस्ट २०२३ मध्ये असाच देशव्यापी काळोख झाला तेव्हा विमानतळावरही जनित्र चालले नव्हते, अशी भावाने भर घातली.

मग बोलणे दरांवर आले. एप्रिल २०२३ पासून महिन्याला ३० युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना सवलतीचा दर मिळतो. २०१८ च्या फेररचनेत एका टप्प्याला ही मर्यादा १०० युनिट होती. भावाच्या मते सवलत खऱ्या गरिबापुरतीच ठेवणे रास्त आहे. मला मावशींचा फ्रिज आठवत होता. तो त्यांनी घेतला तर त्या बहुधा तिसाच्या वर जातील, आणि वाढलेल्या वापराबद्दल त्यांना चढा दर पडेल. कंपनीला हवा तो ग्राहक नेमका त्याच उंबरठ्यावर अडतो. पहिली दोन-तीन वर्षे तरी नव्या ग्रामीण ग्राहकाला वरचा टप्पा स्वस्त द्यावा, असे मी म्हणाले. शेजाऱ्यांनी विचारले की त्याचे पैसे कोण भरणार, आणि आमचे जेवण लांबले.

तुर्कानाच्या पवनचक्क्या राहून गेल्या. तिकडे जायचे तर मार्साबिटमार्गे लोइयांगलानीपर्यंतचा लांबचा, खडतर रस्ता आणि सोबतीला दुसरी गाडी हवी. पाऊस संपल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत जावे असे सगळे सांगतात.

घरी आल्यावर मावशींच्या नातवाचा संदेश आला. गिरणीवाल्याने आणि वेल्डिंगवाल्याने मिळून थ्री फेजचे पैसे भरले आहेत. खांब रस्त्याच्या कडेला येऊन पडले आहेत. तारा केव्हा येतील हे कार्यालयातील कोणी सांगत नाही, आणि डिझेल इंजिनाला गिऱ्हाईक शोधावे की थांबावे, हे गिरणीवाल्याने मला विचारायला सांगितले आहे. मी थांबा असे कळवले आहे.